रोजगार हमी योजना: कायद्याने दिलेल्या एका सेवेचे परीक्षण

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची कपात दिसते. वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत जाणारा हा कर १९७५ च्या कायद्याने सुरू झाला, तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी. कमावत्या माणसाने बेकार माणसाच्या कामासाठी पैसे द्यायचे आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, असे ते ठरले होते. इतकी वर्षे आपण सगळे मिळून ज्या सेवेचे पैसे भरत आलो, ती मजुराच्या हातात पोचते तेव्हा कशी असते, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. आमच्या घरात या योजनेवर काम मागण्यासाठी लागणारे जॉबकार्ड आहे आणि मराठवाड्यातल्या आमच्या गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कामाच्या मागणीचे अर्ज भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे हे परीक्षण ही सेवा घेणाऱ्याच्या बाजूचे आहे.

आधी सेवेच्या अटी सांगतो, कारण या अटींच्या तोडीची दुसरी सरकारी सेवा मला माहीत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात १९६५ मध्ये केलेल्या प्रयोगातून ही कल्पना आकाराला आली, १९७२ मध्ये योजना सुरू झाली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेल्या ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागितले तर ते देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा घराघरात पोचली. २००५ मध्ये संसदेने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला, तोच ‘मनरेगा’ म्हणून ओळखला गेला. त्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि महाराष्ट्रात १०० दिवसांपुढच्या कामाचा खर्च राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, तेही गावापासून ५ किलोमीटरच्या आत, त्याहून लांब असेल तर १० टक्के जास्त मजुरी, कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई, ठेकेदाराला बंदी, पुरुष आणि स्त्रीला एकच दर, आणि १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता, हे सगळे त्या कायद्यात लिहिलेले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याकडे पुढे येतो. आधी गेल्या वीस वर्षांत प्रत्यक्ष काय मिळाले, ते.

ही सेवा ज्या ठिकाणी अडते, ते ठिकाण अगदी पहिल्या पायरीवर आहे. काम मागण्याचा अर्ज नमुना ४ मध्ये करायचा असतो आणि तो घेतल्यावर तारखेची पोच द्यायची असते. बेकारभत्त्याचे १५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून सगळी हमी त्या चिटोऱ्यावर उभी आहे. अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलेल्या बायकांना जे उत्तर मिळते ते मी इतक्यांदा ऐकले आहे की मला पाठ झाले आहे: ‘मावशी, सध्या शेल्फवर काम नाही. काम निघालं की निरोप देतो, तेव्हा या.’ शेल्फ म्हणजे मंजूर होऊन काढायला तयार असलेल्या कामांची यादी. पोच मागितली तर ‘पोचेचं काय करता, मी आहे ना इथं’ असे म्हणतात. बोलणे आपुलकीचे असते आणि सांगणारा ग्रामरोजगार सेवक बऱ्याचदा गावातलाच, ओळखीतला पोरगा असतो, म्हणून बाई गप्प बसते. पण त्या क्षणी तिची मागणी सरकारदरबारी जन्मालाच येत नाही. पुढे काम निघते तेव्हा मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काढण्यापुरते अर्ज भरून घेतले जातात, त्यांवर कामाच्या आदल्या दिवसाची तारीख पडते आणि संगणकावर असे दिसते की गावात जितक्यांनी काम मागितले तितक्यांना ते लगेच मिळाले. राज्यभरात बेकारभत्ता मिळाल्याची उदाहरणे इतकी दुर्मीळ का, याचे उत्तर या उलट्या क्रमात आहे.

यात त्या सेवकाचा दोष सर्वांत कमी आहे, हे मला नीट सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे त्याला मजुरीवर झालेल्या खर्चाच्या टक्केवारीने मानधन मिळत असे आणि तेही महिनोन्महिने थकत असे. पोच देऊन त्याने वरच्या साहेबांवर १५ दिवसांची मुदत लादली, तर त्याला त्रासाखेरीज काही मिळत नाही. बेकारभत्त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो आणि तो का पडला याचा जाब तहसीलदारापासून खालच्या सगळ्यांना विचारला जाऊ शकतो. त्यामुळे मागणी नोंदवली न जाण्यात प्रत्येक पातळीवरच्या माणसाचे हित आहे. १९७७ च्या कायद्यात हा भत्ता रोज १ रुपया इतका नाममात्र होता. २००५ च्या कायद्यात तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या एक चतुर्थांश आणि नंतर निम्मा झाला. रक्कम वाढली तशी पोच देण्यातली टाळाटाळही वाढली, असे माझे निरीक्षण आहे.

काम मिळाले की सेवेचा दर्जा एकदम सुधारतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात पाणंद रस्त्याच्या मातीकामावर गेलो होतो. सकाळी सातला टोळ्या लागतात. टोळीला आखून दिलेल्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवतात, म्हणजे किती खोल खणले ते मोजणाऱ्याला दिसते. लांबी, रुंदी आणि खोली घेऊन घनमीटर काढायचे, जमीन मऊ आहे की मुरूम की कठीण मुरूम ते ठरवायचे आणि दरपत्रकाप्रमाणे मजुरी बसवायची. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, त्याआधीच्या वर्षी २९७ आणि त्याच्या आधी २७३. पण मातीकामावर हा आकडा माप पूर्ण भरले तरच पडतो. मुरूम लागला आणि तांत्रिक अधिकाऱ्याने तो मऊ जमिनीच्या दराने धरला, तर टोळीतल्या प्रत्येकाची मजुरी खाली येते. आमच्या टोळीतल्या एका काकूंनी मोजणीच्या दिवशी साहेबांना खड्ड्यात उतरायला लावले, कुदळ हातात दिली आणि ‘दोन घाव घाला, मग लिवा’ असे सांगितले. साहेब उतरले, त्यांनी घाव घातले आणि दर बदलून लिहिला. त्या आठवड्याची मजुरी आम्हाला पूर्ण पडली. अशा काकू प्रत्येक टोळीत नसतात, म्हणून वर्गवारी मजुरांसमोर आणि मजुरांच्या सहीने व्हायला हवी, ही माझी या सेवेकडून पहिली मागणी आहे.

स्त्रियांना या कामाचे इतके मोल का वाटते, ते त्या कामावर गेल्याशिवाय कळत नाही. शेतात खुरपणीला किंवा वेचणीला बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी असते आणि ते सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. इथे मस्टरवर दोघांसमोर एकच दर आहे आणि पैसे तिच्या नावाच्या खात्यावर येतात. विधवा आणि परित्यक्ता बायकांना मालकाच्या वाड्यावर कामासाठी जाऊन उभे राहावे लागत नाही. मात्र पाळणाघर मी आजवर एकाही कामावर पाहिलेले नाही. लहान मुले बाभळीच्या सावलीत, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर असतात, आणि ती बहीण त्या दिवशी शाळेत नसते. सावलीसाठीचे कापड आणि औषधाची पेटी तपासणीच्या दिवशी दिसतात.

हजेरीचे यंत्र हा सेवेचा सर्वांत बिघडलेला भाग आहे. १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरच्या अॅपमधूनच हजेरी घेणे सक्तीचे झाले. सकाळी एक फोटो आणि काही तासांनी दुसरा. बोगस मजूर रोखावेत हा हेतू योग्यच होता, कारण बोगस मस्टरांनी ही योजना बदनाम झाली होती आणि त्याचे चटके खऱ्या मजुरांनीच सोसले. पण डोंगराच्या पोटाला जिथे रेंज येत नाही तिथे दुसरा फोटो चढत नाही आणि दिवसभर राबलेल्या माणसाची हजेरी जाते. ज्यांना चोरीच करायची आहे ते फोटोचा फोटो काढून चढवतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच असे प्रकार होत असल्याचे परिपत्रक काढावे लागले. शिवाय माप लवकर भरले तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबावे लागते, त्यामुळे पहाटे लवकर येऊन ऊन चढायच्या आत घरी जाण्याची बायकांची सोय गेली. १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच मजुरी देण्याची सक्ती आली आणि नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने अडकलेली प्रकरणे घेऊन लोक बँकेत आणि तहसील कार्यालयात फेऱ्या मारू लागले. अशी प्रत्येक फेरी एका दिवसाची मजुरी खाऊन टाकते.

मजुरी १५ दिवसांत खात्यावर पडायला हवी आणि न पडल्यास दर दिवसाला थकीत रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई मिळायला हवी, असा नियम होता. ३१२ रुपयांवर ती दिवसाला सुमारे साडेपंधरा पैसे होते. बराच काळ या हिशेबात फक्त गाव आणि तालुका पातळीवरचा उशीर धरला जात असे. दिल्लीहून पैसे यायला लागलेले आठवडे त्यात नसत. उशिरा पैसे मिळण्याचा परिणाम मजुरीच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. आमच्या भागात या सेवेचा खरा प्रतिस्पर्धी ऊसतोडीचा मुकादम आहे. तो हंगामाच्या आधी नवरा-बायकोच्या कोयत्याला एकरकमी उचल देतो. त्या पैशावर घरातले लग्न होते, दवाखान्याचे बिल भागते, बैल येतो, आणि मग दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर जाते. उचल फिटेपर्यंत राबावे लागते आणि कोयता, म्हणजे ही जोडी, दुखण्याने बसली तर खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, भरावा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा त्यामागे पाळीच्या दिवसांत काम बुडून पडणारा हा खाडाही होता. ज्या घराला गावातच हमीचे काम आणि आठवड्याला हातात पैसे मिळतात, त्या घराला मुकादमाशी घासाघीस करता येते, प्रसंगी नाही म्हणता येते. दोन-दोन महिने मजुरी थकली की तेच घर पुन्हा उचल घेते. मजुरी देण्यातला उशीर हा माझ्या मते या योजनेचा सर्वांत गंभीर दोष आहे, कारण तो थेट सावकारी आणि वेठीकडे नेतो.

दर कमी ठेवणे, कामे कमी काढणे आणि पैसे उशिरा देणे, या तीन मार्गांनी कायदा न बदलता हमी आटवता येते, हे महाराष्ट्राने आधीच पाहिले आहे. १९८८ मध्ये योजनेवरचे मजुरीचे दर दुप्पट झाले. मजुरी वाढल्यावर कामावर गर्दी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात हजेरी मोठ्या प्रमाणात घसरली. वाढलेला खर्च झेपवायला यंत्रणेने नवी कामे काढण्यात हात आखडता घेतला आणि अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासांनीही त्या काळात मागेल त्याला काम देण्याऐवजी मोजकीच कामे वाटून दिली जाऊ लागल्याचा निष्कर्ष काढला. पुढे व्यवसाय कराचे उत्पन्न वाढत राहिले आणि योजनेचा निधी पडून राहिल्याच्या तक्रारी विधिमंडळात होत राहिल्या. दिल्लीच्या पातळीवरही हेच दिसले. २००९ पासून या कामाची मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडण्यात आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत या योजनेला आधीच्या सरकारांच्या अपयशाचे स्मारक म्हटले. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून लाखो माणसे पायी गावी परतली, तेव्हा त्याच योजनेत अर्थसंकल्पातल्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी रुपये घालावे लागले. कारण गावोगाव मजुरी पोचवणारी दुसरी तयार यंत्रणा देशाकडे नव्हती. १९७२-७३ च्या दुष्काळातही महाराष्ट्रातल्या सरकारी कामांवर एका टप्प्याला सुमारे ५० लाख माणसे होती. संकटात जिची आठवण येते ती सेवा सुकाळात उपाशी ठेवू नये, एवढी अपेक्षा करदाता म्हणूनही ठेवायला हरकत नसावी.

या कामांतून काय उभे राहिले, असा प्रश्न शहरातले नातेवाईक विचारतात. खडी फोडून खड्डे बुजवले, अशी जुनी टीका आहे आणि काही कामांबाबत ती खरी आहे. पण पाझर तलाव, नालाबांध, समतल चर आणि १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड यांनी कोरडवाहू महाराष्ट्राचा चेहरा जागोजागी बदलला आहे. मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागांतून हिंडून पाहावे. अलीकडे सिंचन विहीर, गोठा, शेततळे अशा वैयक्तिक लाभाच्या कामांवर भर आला आहे. त्याचा आनंद आहे, पण माझ्या मनात एक शंका आहे. विहिरीचा लाभ जमीन असलेल्याला मिळतो आणि त्या कामावर मस्टरवरची नावे पुष्कळदा लाभार्थ्याच्या घरची आणि भावकीतली असतात, काम यंत्राने होते. भूमिहीनाला हवे असते ते गावाचे सार्वजनिक काम. ते मागणारा आवाज ग्रामसभेत सर्वांत दबका असतो, म्हणून शेल्फवरची सार्वजनिक कामे आटत चालली आहेत.

शिकलेल्या बेकारांसाठी ही सेवा नाही, हे उघड आहे. बी.ए. झालेला पोरगा कुदळ घेऊन येतो तेव्हा त्याच्या आईला रडू येते. त्यांच्यासाठी जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णाला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, सहा महिने. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थींनी आंदोलने केली आणि ती पाच महिन्यांनी वाढवली गेली. त्यानंतर पुढे काय, हा प्रश्न तसाच उभा राहिला. निवडणुकीच्या तोंडावर शासन निर्णयाने आलेल्या योजनेत आणि कायद्याने दिलेल्या सेवेत हा फरक आहे. त्या मुलांना निवेदन देता येते. आमच्या काकूंना, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी, दावा करता येतो. शिकलेल्यांसाठी असा दावा करता येईल असा कायदा व्हावा, असे मला वाटते.

आता नव्या कायद्याविषयी. दिवस १०० वरून १२५ केले आहेत आणि आठवड्याला मजुरी देण्याची भाषा आहे. या दोन्ही गोष्टींचे मी स्वागत करतो. पण खर्चाची वाटणी बदलली आहे. आधी अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत असे, आता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा द्यायचा आहे आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च पूर्णपणे राज्याचा आहे. शिवाय पेरणी आणि कापणीच्या काळात वर्षाला एकूण ६० दिवस काम बंद ठेवण्याची तरतूद आहे. रक्कम आधी ठरली की मागणी त्या रकमेत बसवावी लागते, आणि बसवण्याचा सर्वांत सोपा मार्ग पोच न देण्याचा आहे, हे वर सांगितलेच. काम बंद राहण्याच्या दिवसांचे ओझेही सगळ्यांवर सारखे पडत नाही. बागायती पट्ट्यात पेरणी-कापणीला हाताला काम असते. आमच्याकडे पाऊस ओढ देतो, दुबार पेरणीची वेळ येते, आणि नेमके तेव्हा शेतकऱ्याकडे मजुराला द्यायला काही नसते. हे ६० दिवस ठरवताना तालुक्याचे पाऊसमान आणि पीकपद्धती पाहिली गेली पाहिजे, आणि त्यासाठी आतापासून ठराव करून पाठवले पाहिजेत.

ही सेवा वापरणाऱ्यांना अनुभवातून काही सांगतो. अर्ज एकट्याने न देता दहा-पंधरा जणांनी एकत्र द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नये. तिथे नकार मिळाला तर अर्ज तहसीलच्या आवकमध्ये द्यावा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावा, पोस्टाची पावती जपावी. जॉबकार्ड नेहमी आपल्याच घरात ठेवावे, कोणी ‘नोंदी करून देतो’ म्हणून मागितले तरी त्याच दिवशी परत घ्यावे. मोजणीच्या दिवशी टोळीतल्या सगळ्यांनी हजर राहावे आणि मोजमापाच्या पुस्तिकेत काय लिहिले ते वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला बरोबर न्यावे. आणि पुढच्या वर्षाचा आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेला भूमिहीन घरांतल्या बायकांनी जावे, सार्वजनिक कामांची नावे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची नक्कल मागावी. उन्हाळ्यात ‘शेल्फवर काम नाही’ असे उत्तर आले की हीच नक्कल अर्जाला जोडता येते.